देवघरातली सारंगी

कारंज्याच्या बाजारात कस्तुरा वांग्यांची पाटी उतरवायची विसरून उभीच राहिली. समोर ओट्यावर जगदेव सारंगी वाजवत होता — आणि बोटं उलटी!

"अवो, नखानं काहून वाजवून राह्यले?"

"नखाच्या मुळाशी तात दाबली की सूर रडते. आमच्या गुरूच्या गुरूची रीत हाये."

"मंग हसवता येते का?"

"तुमी बसल्या तर... पाहू."

तेवढ्यात पावसाची झड लागली. ओलाव्यानं तात ढिली पडते आणि जगदेवचा मुक्काम उघड्या ओट्यावर, म्हणून त्यानं सारंगी तिच्याकडे दिली. "रातभर कोरड्यात ठेवा. जीव हाये माहा."

दुसऱ्याचा जीव ठेवायचा कुठं? कस्तुरानं ती देवघरात ठेवली, हळदकुंकू वाहिलं. तिचे वडील पुंजाजी, गळ्यात तुळशीची माळ घालणारे वारकरी, त्यांनीही हात जोडले.

सकाळी जगदेव आला. "तात भिजली नाई ना?"

"कायची असते वो ही तात?"

"बकऱ्याच्या आतड्याची."

कस्तुराच्या हातातला तांब्या खाली पडला. पुंजाजींचा तर आवाजच गेला. परत आला तेव्हा मळ्यातले पोपट उडाले.

"देवाजवळ आतडं! निघ! पायरी चढू नको!"

"बाबाजी, मी कस्तुरालेच मागाले आलो होतो..." जगदेव पांढराफटक. "अकोल्यात पोलादी तारा भेटतात. त्या लावतो."

"लाव. मंग पाहू."

आठवड्यानं तो तारा चढवून मळ्यात आला. गज फिरवला मात्र — पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज! मोटेचे बैल दोर तोडून पळाले, ते पार दूरच्या कामरगावातच थांबले. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

कस्तुरा पुढं आली. "हे कोनं वाजवलं?"

"मीच."

"नाई! तुमी असं नाई वाजवत. उतरवा त्या तारा."

"उतरवल्या तर तू मले..."

"नाई उतरवल्या तर नक्कीच नाई!" ती बापाकडे वळली. "बाबा, लगन करीन तं याच्याशीच. तातीसकट."

पुंजाजी माळ चाचपत म्हणाले, "सारंगी ओसरीवर राहीन. देवघरात नाई म्हंजे नाई."

जगदेवनं हळूच कस्तुराला विचारलं, "आन् मी?"

ती लाजली, पदर सावरला... "तुमी आंघोळ करून आत या."