न दिलेली संमती

“मी विसरले,” विनीता म्हणाली, आणि नजर वर न करता पोह्यांवर कोथिंबीर घालत राहिली.

मिताली मोजे चढवून, केस घट्ट बांधून ओट्यापाशी उभी होती. दोन तासांनी पर्थमध्ये गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाच्या स्पर्धेची मुलींची फायनल होती आणि खेळाडूंच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

“सॉरी, व्हॉट?”

“तुझं रजिस्ट्रेशन पूर्ण झालं नाही. काल पाचपर्यंत व्हायला हवं होतं. माझ्याकडून राहून गेलं.”

“सगळ्या क्लबचे फॉर्म तू बघतेस. सगळ्यांचे झाले, आणि माझाच राहिला?” मितालीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. मग ती स्वच्छ मराठीत म्हणाली, “माझी आई असती ना, तर विसरली नसती.”

हे वाक्य कधीतरी येणार, हे विनीता या घरात आली तेव्हाच धरून चालली होती. मिताली तेव्हा नऊ वर्षांची होती, तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती... पण आठ वर्षांत ते वाक्य काही आलं नाही, आणि विनीता गाफील राहिली. तिने पोह्यांवर झाकण ठेवलं.

खरं म्हणजे विनीता काहीही विसरली नव्हती. विसरण्याचा तिचा पिंडच नव्हता. हॉस्पिटलात तिच्यासोबत काम करणाऱ्या आयरिश नोराने मितालीला या खेळाची गोडी लावली, तेव्हा मायलेकींना... लोक त्यांना मायलेकीच समजत... एवढंच कळलं होतं की चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांनंतर तो आपटावा तरी लागतो किंवा पायाने उडवून परत झेलावा तरी लागतो. या खेळात कुणाला दमडी मिळत नाही, अगदी आयर्लंडातल्या खेळाडूंनाही नाही, त्यामुळे क्लबात प्रत्येक घराने काहीतरी काम उचलायचं असतं. कुणी मैदानावर रेषा मारतं, कुणी सँडविच करतं. विनीताने कागदपत्रं घेतली. नोंदणी नसलेली मुलगी मैदानात उतरली तर अख्ख्या टीमचा सामना बाद, हा नियम तिला तोंडपाठ होता.

अठराच्या आतल्या खेळाडूला वडिलांची, आईची किंवा कायदेशीर पालकाची संमती लागे. गेल्या वर्षी मितालीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटून ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिच्यासाठी ही संमती नव्याने हवी होती. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती. संमतीची ईमेल तिच्या बाबाला, संजीवला गेली. संजीव कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. रविवारी फोनवर तो लेकीला “खेळ बेटा, मजा कर,” म्हणाला होता आणि शुक्रवारी सकाळी त्याने संमती नाकारली!

विनीताने जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला.

“तिचं ऑपरेशन तू पाहिलंस, मीही पाहिलंय,” तो म्हणाला. “परत नाही बघवणार मला. तिच्या आईच्या वेळी हॉस्पिटलात जेवढं बसायचं तेवढं बसून झालंय माझं.”

“मग तिला तसं सांग.”

“तिला नाही सांगवत गं. मी नको म्हटलं हे कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही. तू कर ना काहीतरी.”

काहीतरी करणं सोपं होतं. संजीवचा पत्ता खोडून स्वतःचा घालायचा, आई या चौकोनात खूण करायची. कुणी विचारलंही नसतं. दुपारभर विनीता त्या चौकोनाकडे बघत राहिली. कायद्याने ती मितालीची कुणीच नव्हती. दत्तक घ्यायचं, घ्यायचं म्हणत राहून गेलेलं. उद्या हे उघडकीला आलं असतं, तर चौदा पोरींची फायनल तिच्या एका खोट्यापायी गेली असती. पाच वाजले. लेकीला बापाचा एकच धागा उरलाय, तो तुटण्यापेक्षा बोल आपल्याला लागलेला बरा, असा हिशेब तिने मनाशी केला.

फायनलला मितालीने बाहेरून पाण्याच्या बाटल्या नेल्या-आणल्या. टीम दोन गुणांनी हरली.

त्यानंतर सहा महिने मिताली विनीताशी अतिशय चांगली वागली. डबा दिला की “थँक्यू”, उशीर झाला की “नो वरीज”. भांडली असती, दार आपटलं असतं तर विनीताने देव पाण्यातून काढले असते. पाहुण्याशी वागावं तशी ती पोर घरात वागत होती, आणि विनीताला रोज थोडं थोडं रडू येत होतं. संजीव घरी आला की ती एवढंच म्हणे, “सांग तिला.” तो मान हलवी. “पुढच्या खेपेला.”

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. मिताली अठराची झाली होती. पहिल्या सामन्याच्या दिवशी विनीता क्लबच्या शेडमध्ये ब्रेडला लोणी लावत होती, कारण सँडविचवाली आजारी होती. मिताली खेळाच्या कपड्यांतच आत आली आणि तिने फोन समोर धरला. स्वतःचा फॉर्म स्वतः भरताना तिला मागच्या वर्षीची नोंद दिसली होती. पालकांची संमती: नाकारली. खाली बाबाचं नाव आणि त्या शुक्रवारची तारीख.

“बाबाशी बोललेय मी,” ती म्हणाली. “खूप रडला. ते माझं आणि त्याचं आहे, आम्ही बघू. पण तू का नाही सांगितलंस?”

“तुला बाबा एकच आहे.”

“म्हणून तू खोटं बोललीस? मी काय लहान होते? मला नसतं समजलं त्याला भीती वाटते ते? सहा महिने मी तुझ्याशी इतकी घाणेरडी वागले, यू लेट मी! तुला काय वाटलं, खरं ऐकायची लायकी नाही माझी?”

तिचा आवाज आता चांगलाच चढला होता. बाहेर नोराने मान वळवून पाहिलं. विनीताचे डोळे भरून आले, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण त्या दिवशी मोठेपणा नाही, चूक केली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुझं एक माणूस तरी...”

“आणि तू कोण होतीस? हे बघ, परत माझ्या नावाने असा त्याग केलास ना आई, तर मी खरंच बोलणार नाही तुझ्याशी. आता मला खायला दे काहीतरी, वीस मिनिटांत मॅच आहे.”

विनीताने लोणी लावलेला ब्रेड तसाच, आत काही न भरता, तिच्या हातात दिला. मितालीने तो उभ्याउभ्या खाल्ला आणि धावत निघून गेली.