दोन मुठींची दोरी

“हात वर जात नाही म्हणून तर आलोय ना इथे? आणि तुम्ही मलाच सांगताय, हात वर करा! वर जात असता तर आलो कशाला असतो?”

हिरव्या पडद्याच्या पलीकडून ही कुरकुर ऐकू आली आणि अलीकडच्या पलंगावर, खांद्याला शेकाची पिशवी लावून पडलेली टेलरबाई खुदकन हसली. हसली आणि लगेच कळवळली. हसायलाही खांदा लागतो, हे तिला गेल्या चार महिन्यांत चांगलंच कळून चुकलं होतं.

पलीकडून जरा नरमलेला आवाज आला, “कोण हसलं?”

“माझा खांदा हसला,” ती म्हणाली. “बाकी मी रडतेच आहे.”

वय एकोणपन्नास. डावा खांदा आखडून गोठलेला. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या दोन खोल्यांत संसार. दिवसभर लोकांच्या विजारी आखूड करायच्या, झगे सैल करायचे... आणि स्वतःच्या अंगातून मधूनच वाफा निघायला लागल्या की पंख्याखाली जाऊन उभं राहायचं. खांद्यानं मात्र कहरच केला होता. वेणी मुलगी घालून द्यायची. वरच्या फळीवरचा डबा मुलगी काढून द्यायची. पण नमाजला कोण मदत करणार? सुरुवातीलाच दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलायचे, तर उजवा मुकाट्यानं जायचा आणि डावा पोटाशीच अडून बसायचा. बसून नमाज पढता येते, हातही जमेल तेवढाच उचलला तरी चालतो, हे तिला माहीत होतं. तरी दिवसातून पाच वेळा तिला वाटायचं, आपण अर्ध्याच हजर झालो.

“दोघंही कप्पीवर जा! वीस-वीस वेळा!” फिजिओच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्याच पेशंटचा गुडघा वाकवता वाकवता ओरडल्या.

कोपऱ्यात छताला एक कप्पी टांगलेली होती. तिच्यावरून एक दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी. खाली समोरासमोर दोन स्टुलं. टेलरबाई एका स्टुलावर बसली. पडद्यामागून निघालेला माणूस दुसऱ्यावर बसला. पन्नाशी उलटलेली, केस कानाशी पांढरे, आणि नखांच्या कडेला निळा रंग – धुऊनही न गेलेला.

“मुठी दोन, माणसं दोन,” तो म्हणाला. “म्हणजे मी ओढायचं आणि तुमचा हात वर जायचा. बरोबर?”

“आणि मग मी ओढायचं.”

“हळू ओढा हं. मी भांडत असलो तरी नाजूक आहे.”

त्याचा उजवा हात दुखरा होता. डाव्या हातानं त्यानं मूठ खाली ओढली. दोरी करकरली आणि टेलरबाईचा डावा हात आपसूक वर निघाला. चार महिन्यांत तो हात कुणी इतक्या सावकाश, इतकं तोंडाकडे बघत उचलला नव्हता. भुवई जरा आकसली की दोरी थांबायची. “बस?” “अजून थोडं.” “नक्की?” “ओढा हो.”

“तुमचं काम काय?” तिनं विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं... नाहीतर नुसतं बघतच बसावं लागलं असतं.

“दुकानांच्या पाट्या रंगवतो. सध्या फक्त फोन नंबर.”

“म्हणजे?”

“नाव असतं सगळ्यात वर. त्याखाली पत्ता. तळाला फोन नंबर. माझा हात तेवढाच जातो. गावातल्या अर्ध्या दुकानांचे नंबर तयार आहेत, बाई, पण दुकानं कुणाची, ते अल्लाहला माहीत.”

ती हसली. या वेळी खांदा दुखला नाही. की दुखला, आणि लक्षात आलं नाही?

मग ते ठरूनच गेलं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चारला, समोरासमोर. तो विचारायचा, “नमाजला कुठवर?” ती सांगायची, “पोटाच्या वर.” पुढच्या खेपेला, “छातीपाशी.” ती विचारायची, “आणि तुमचं?” तो ऐटीत सांगायचा, “आज पत्त्याची खालची ओळ लिहिली, टेलरबाई. पिनकोडसकट.” तिनं त्याला ‘पेंटरसाहेब’ म्हणायला सुरुवात कधी केली, हे तिला आठवत नव्हतं. त्याची बायको सात वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, हे त्यानं दोरी ओढता ओढताच सांगितलं. आपला नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, हे तिनंही तसंच सांगितलं. बोटाला बोट कधी लागलं नाही. मध्ये सदैव ती दोरी. पण एकाच्या हाताचा जोर दुसऱ्याच्या खांद्यात उतरतो, तेव्हा माणूस फार लांब आहे असं काही वाटत नाही...

घरी मुलीनं एकदा वेणी घालताना विचारलं, “अम्मी, फिजिओला जाताना ही निळी ओढणी कशाला?”

“हवेशीर आहे.”

“बरं,” मुलगी म्हणाली आणि वेणी जरा जास्तच घट्ट ओढली.

खिडकीपाशी अम्मा बसलेल्या होत्या. टेलरबाईच्या सासूबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, डोळे अधू पण कान तिखट. एकुलता एक मुलगा गेला तेव्हापासून दोघींनी एकमेकींना धरून दिवस काढले होते. अम्मा काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग नवव्या खेपेला एक निवृत्त पोस्टमन आला.

त्याचाही खांदाच. तो पाच मिनिटं दोघांकडे टक लावून बघत राहिला आणि मग खणखणीत आवाजात म्हणाला, “डॉक्टरीणबाई, हे जोडीनंच करायचं असतं का? नाही, म्हणजे बायको घरी आहे. घेऊन येतो.”

कंबरवाल्या बाईंना ठसका लागला, गुडघेवाल्या काकांनी भिंतीकडे तोंड केलं. हसू लपवायला कुणालाच ओढणी पुरेना.

“नाही, काका,” डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या. “हे... एकट्यानंच करायचं असतं. आपल्याच चांगल्या हातानं आपलाच दुखरा हात वर ओढायचा.”

“मग ते दुसरं स्टूल?” पेंटरनं विचारलं.

“पिशव्या ठेवायला.”

“आणि इतके दिवस आम्हाला का नाही सांगितलंत?” टेलरबाईचे कान तापले होते.

“मी पहिल्या दिवशी सांगायलाच येत होते. पण तुमचे हात छान वर जात होते हो...” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि तुम्ही दोघं इतके खूश दिसत होतात. मग कुणालाच सांगवेना.”

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! टेलरबाईनं ओढणी सावरली, पिशवी उचलली आणि तिथून जी निघाली ती थेट घरी. पेंटर मागून काहीतरी म्हणाला. तिनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वेळ बदलून सकाळची घेतली. एकटी स्टुलावर बसली. दोन्ही मुठी स्वतःच धरल्या. ओढलं की हात वर, सोडलं की खाली. अगदी सोपं. इतकं सोपं की तिला रडू आलं. कुठवर गेला, हे विचारायला समोर पिशवीच होती.

आठ दिवसांनी, पहाटेच्या नमाजला ती उभी राहिली आणि डावा हात उजव्याबरोबर निघाला. पोट, छाती... आणि खांदा. दोन्ही तळवे एका रेषेत. नमाज संपवून ती जागेवरच बसून राहिली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं.

साडेनऊला ती बाजारात होती. त्यानं मागेच सांगितलेल्या चपलांच्या दुकानासमोर शिडी, शिडीवर पेंटर, हातात ब्रश. पाटीवर खाली नंबर, मध्ये पत्ता, आणि वर, अगदी वर, नावाची तीन अक्षरं उमटलेली.

“पेंटरसाहेब!”

“टेलरबाई? अहो, असं हळूच येऊन हाक मारू नका, पडेन मी!”

“गेला. खांद्यापर्यंत.”

तो सावकाश एकेक पायरी खाली उतरला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात फडक्याला पुसले. पुसतच राहिला.

“घरी काय म्हणाले?” त्यानं विचारलं.

ती उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. घरी... घरी कुठे सांगितलं होतं? पहाटे मुलगी झोपलेली होती. अम्मा अंथरुणात होत्या. आणि दोघी उठल्यावरही काही न सांगता ती ओढणी बदलून सरळ इथे आली होती.

“कुणाला सांगितलंच नाही अजून,” ती हळूच म्हणाली. “आधी तुम्हालाच.”

चपलांचा दुकानदार आतून बघत होता. बघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं.

“मग मी घरी येतो,” तो म्हणाला. “रीतसर बोलायला. चालेल?”

“मला... हो. मला चालेल. पण अम्मा आहेत. माझा नवरा त्यांचा मुलगा होता. त्यांच्यासमोर हा विषय कुणी काढायचा? आणि मी निघाले तर त्या...”

“माझ्याकडे तीन खोल्या आहेत,” तो फडक्याकडे बघत म्हणाला. “एकीत नुसते रंगाचे डबे. डबे काय, कुठेही राहतील.”

रविवारी दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, तरी नखांना निळा रंग होताच. “सलाम आलेकुम, अम्मा,” म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसला. अम्मांनी सलामाचं उत्तर दिलं आणि त्या कान त्याच्याकडे लावून बसल्या.

चहा आला. मग बोलणी सुरू झाली... खांद्यांची, गुडघ्यांची, हवेची. पेंटरनं छताकडे पाहिलं आणि पापुद्रे निघालेत, खरवडून घ्यायला हवं म्हणाला. मुलगी म्हणाली, बिस्किटं घ्या ना. टेलरबाईनं विचारलं, साखर कमी झालीय का? नाही, अगदी बरोबर आहे, तो म्हणाला. त्यानं अजून एक घोटही घेतला नव्हता. मग पुन्हा सगळे छताकडे बघू लागले.

अम्मांनी कप बशीत ठेवला. चांगला आवाज करून ठेवला.

“किती वेळ छत बघणार आहेस रे? तिथे काय लिहून ठेवलंय?”

पेंटर खुर्चीवरून अर्धा उठला. “नाही, अम्मा, मी—”

“बस. परवा पहाटे मी जागी होते,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी हात वर गेलेला दिसतो. मला वाटलं, आता ही वळेल आणि मला सांगेल. अकरा वर्षं, हिचा दात दुखला तरी आधी मला सांगते. ही वळलीच नाही. घड्याळ बघत बसली, बाजार कधी उघडतो म्हणून.”

“अम्मा, मी सांगणारच होते...” टेलरबाईचा आवाज कापला.

“माहीत आहे. माझ्या मुलाच्या आठवणीला धक्का लागेल, म्हणून गप्प आहात तुम्ही सगळे. ही पोरगीसुद्धा.” मुलीनं मान खाली घातली. “अगं, तो गेला. त्याला आता कशानं काही होत नाही. आणि तू अशी निळी ओढणी घेऊन हसत आलीस, तर तो काय रागावणार आहे का? मला सलतंय ते वेगळंच आहे.”

त्यांची सुरकुतलेली बोटं ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. एवढ्या वर्षांत टेलरबाईनं त्यांचा आवाज चढलेला ऐकला होता, रडलेला ऐकला होता. असा बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

“निकाह कर हिच्याशी,” अम्मा पेंटरला म्हणाल्या. “मीच लावून देते. पण मला... मला इथे मागे ठेवून जाऊ नका रे. मला एकटीला भीती वाटते.”