एकसष्ट पावलांचा माणूस

भाचा जिना चढून वर आला तो शर्यत जिंकल्याच्या थाटात.

“आत्या, घरापासून इथपर्यंत दोन हजार पावलं!” कमरेची प्लास्टिकची डबी काढून त्याने टेबलावर ठेवली. “पेडोमीटर. रस्त्यावर स्वस्तात मिळाला. आणि गंमत म्हणजे जराही दमलो नाही.”

“आलास कसा?”

“बसने.”

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चावीवाल्याच्या दुकानावरच्या या खोलीत ती बारा वर्षं खासगी तपासाचा धंदा करत होती. भाचा गेली चार वर्षं तिला मदत करत होता. निदान दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलेलं होतं.

“बसायला जागा मिळाली होती?”

“खिडकीची! फक्त रस्त्यात खड्डे फार. सारखे गचके बसत होते.”

आपल्या बोलण्यात काहीतरी खटकतंय असं भाच्याला वाटलं, पण ते नेमकं काय हे सापडेना. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि त्याची सुटका झाली.

आत आलेल्या बाईंच्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली होती. हातातलं काम टाकून त्या तडक निघाल्या होत्या.

“मला संध्याकाळपर्यंत चोर शोधून हवाय,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मीच चोर ठरते.”

भाच्याने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या आणि पाण्याचा ग्लास एका दमात संपवून बोलू लागल्या.

“विगच्या कारखान्यात मी अठरा वर्षं शिवतेय. सगळे शिलाईमावशी म्हणतात. तर महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी आमच्या मालकांना रोज चालायला सांगितलं. मालक म्हणाले, मी एकट्यानेच का चालायचं? त्यांनी खोकंभर डब्या आणल्या आणि सगळ्यांना वाटल्या. ह्या अशाच.” त्यांनी टेबलावरच्या डबीकडे बोट दाखवलं. “सकाळी नऊला आकडा शून्यावर आणायचा, एक वाजता मालक सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचणार. पहिला येईल त्याला टाळ्या. शेवटच्याचं नाव भिंतीवरच्या कासवाच्या चित्राखाली.”

“आणि चोरी?”

“आज संध्याकाळी नाटक आहे. त्यातल्या राजाचा विग आम्ही केलाय, खांद्यापर्यंत केस. सकाळी नऊला मालकांनी स्वतः तो गोदामात ठेवला आणि ते बाहेर गेले. एक वाजता येऊन बघतात तर विग गायब. मालक म्हणाले, चोर शोधणं सोपं आहे. अंगण ओलांडून गोदामात जाऊन यायचं तर दोनशे पावलं होतात, ती त्यांनी मोजलीत. सकाळभर कारखान्यात आम्ही तिघं. एक पोरगी आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात, तिच्या डबीवर एकशे दहा. मालकांच्या मेव्हण्यांच्या डबीवर एकसष्ट. माझ्या डबीवर चार हजार.”

“चार हजार!” भाच्याच्या तोंडून कौतुक बाहेर पडलं.

“आणि मी जागची हललेही नव्हते हो! जाळ्यांची मोठी ऑर्डर आहे, सकाळपासून मान वर केली नाही. मालक म्हणाले, चार हजार पावलं टाकून वर म्हणतेस हलले नाही? खोटं बोलतेस म्हणजे चोरीही तूच केलीस. सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली. सहापर्यंत विग आणून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. “काम दुसरीकडेही मिळेल. पण चोर म्हणून नाही जायचं मला.”

आत्या त्यांच्या पायांकडे बघत होती. डबी चपलेच्या पट्ट्याला अडकवलेली होती.

“ही तिथे का?”

“माझ्या कपड्यांना कुठला आलाय पट्टा?” शिलाईमावशी म्हणाल्या. “सोडायचीही सोय नाही. संध्याकाळपर्यंत काढायची नाही असा मालकांचा नियम.”

“चला,” आत्या उठली. “भाचेबुवा, आता चालत जायचं.”

भाच्याचा चेहरा पडला.

*

कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती, काही केसांची, काही बिनकेसांची. इतकी डोकी एकदम आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर भाच्याने उगीचच शर्ट नीट केला.

मालक दारातच भेटले. उंच, तरतरीत, पट्ट्याला डबी.

“तपास कसला करायचाय?” ते म्हणाले. “यंत्राने सांगितलंय. यंत्राला ना मावशी ना मेव्हणा.”

“खरं आहे,” आत्या म्हणाली. “गोदामाची किल्ली कुठे असते?”

“त्या खिळ्यावर. घरच्यासारखं वातावरण आहे आमच्याकडे.”

“ते दिसतंय.”

खिडकीशी एक सडपातळ मुलगी जाळीत एकेक केस ओवत बसली होती. हीच टाचणी. डबी तिच्या पट्ट्याला ताठ उभी होती.

“मावशी उठल्या नाहीत,” ती मान वर न करता म्हणाली. “मशीनचा खडखडाट सकाळभर चालू होता. डोकं उठलं माझं. थांबला असता तर आधी मला कळलं असतं.”

“मशीन विजेवर चालतं?”

“छे! पायाने. मालकांच्या आजोबांच्या वेळचं आहे.”

“आणि मेव्हणे?”

टाचणी हसली. “ते कुठे उठतात? पलीकडे टेबलाशी असतात, फोन घ्यायला. मध्ये ही लाकडी आडभिंत. तिच्यावरून त्यांचा खुर्चीवरचा कोट दिसतो. सकाळभर दिसत होता.”

“कोट दिसत होता की मेव्हणे?”

टाचणीचा हात थांबला. “कोट,” ती म्हणाली, आणि पुन्हा केस ओवू लागली.

मेव्हणे मालकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. शरीराने भरभक्कम, डोक्याने गुळगुळीत. पोट इतकं पुढे की पट्टा त्याच्या खाली आसरा घेऊन होता, आणि पट्ट्याची डबी पोटाच्या रेट्याने ओणवी होऊन जमिनीकडे बघत होती. चेहरा उन्हाने रापलेला, पण भुवयांच्या वरपासून थेट टाळूपर्यंत लख्ख गोरा. जणू दोन वेगवेगळ्या माणसांचे भाग जोडले होते. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर भिंतीवर कासव होतं आणि कासवाखाली त्यांचं नाव.

“महिनाभर हेच नाव आहे,” मालक म्हणाले. “खडू वाया जायला नको म्हणून मी आता पुसतच नाही.”

“भाऊजी, पुरे की,” मेव्हणे पुटपुटले.

“पुरे काय? काल अठ्ठेचाळीस, आज एकसष्ट! तेरा पावलांची प्रगती. टाळ्या वाजवू?”

मेव्हण्यांनी खुर्ची टेबलाकडे ओढली. त्यांच्यासमोर चार पुडांचा मोठा डबा होता. झाकणाची कडी लावलेली होती.

“जेवण झालं नाही तुमचं?” आत्याने विचारलं. “तीन वाजले.”

“भूक नाही आज.”

“ह्याला भूक नाही!” मालक भाच्याकडे वळून म्हणाले. “बघा, चोरीचा सगळ्यांच्या मनावर कसा परिणाम झालाय.”

भाच्याने सहानुभूतीने मान डोलावली. त्याला स्वतःला अशा प्रसंगी जास्तच भूक लागत असे.

“नवीन भोक पाडलंत पट्ट्याला?” आत्याने मध्येच विचारलं.

“अं? हो. जरा सैल व्हायला लागला होता.”

आत्या एवढंच म्हणाली, “बरं.” आणि तिने सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं.

*

“मावशी, बसा आणि शिवा. चिंधी शिवली तरी चालेल.”

शिलाईमावशी बसल्या. पाय खालीवर होऊ लागला, मशीन खडखडू लागलं. चार मिनिटं मोजून आत्याने हात वर केला.

“भाचेबुवा, आकडा वाचा.”

भाचा जमिनीवर पालथा पडला आणि चपलेवरची डबी वाचू लागला. उठला तेव्हा त्याचे डोळे विस्फारलेले होते. “आत्या, ह्या बसल्या जागी सत्तर पावलं चालल्या!”

“जसा तू बसमध्ये चाललास. ह्या डबीत एक लहानशी दांडी असते. गचका बसला की ती हलते आणि आकडा पुढे सरकतो. गचका चालण्याचा, खड्ड्याचा की शिलाईचा, हे तिला कळत नाही. तिला पाय दिसत नाहीत.”

मालकांनी स्वतःच्या डबीवर हात ठेवला, जणू तिच्या कानावर हे जाऊ नये.

“म्हणजे मावशींनी सकाळभर शिवलं,” आत्या म्हणाली. “खडखडाट थांबला नाही हे टाचणीने सांगितलं आणि चार हजारांनीही तेच सांगितलं. तुम्ही ज्याला चोरीचा पुरावा म्हणालात, मालक, ते त्या जागेवर असल्याचं प्रमाणपत्र होतं.”

शिलाईमावशींनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या फक्त ताठ बसल्या.

“मग विग नेला कोणी?” मालक म्हणाले. “बाकी दोघं तर दोनशेच्या आतच आहेत.”

“आता टाचणीबाई. भिंतीपर्यंत जाऊन या. भाचा मोजेल.”

टाचणी गेली आणि आली. भाच्याने मोजलेली पावलं तीस, डबीवर वाढलेली एकोणतीस.

“ताठ डबी, चांगलं काम,” आत्या म्हणाली. “त्या गोदामात गेल्या नाहीत. आता मेव्हणे.”

मेव्हणे उठले आणि भराभरा, जवळजवळ अधीरपणे, भिंतीपर्यंत जाऊन आले. भाचा वाकून बघत राहिला. मग त्याने डबीवर टिचकी मारून पुन्हा पाहिलं.

“एकसष्ट,” तो म्हणाला. “होते तेवढेच. आत्या, हे चाललेच नाहीत!”

“आपल्या सगळ्यांसमोर चालले ना?”

“हो. पण चालले नाहीत.” भाच्याला हे पटायला वेळ लागत होता.

“दांडी खालीवर हलायला डबी उभी हवी,” आत्या म्हणाली. “पोटाने ती आडवी केलीय. मेव्हणे दुसऱ्या गावी चालत गेले तरी तिला पत्ता लागणार नाही. तेव्हा मालक, एकसष्ट म्हणजे काय? एक तर हे खरोखर खुर्चीतच होते. जगातला सगळ्यात आळशी माणूस, आणि त्या कासवाखालचं नाव अगदी योग्य. किंवा हे सकाळी भरपूर चालले, गोदामातही गेले. आता ह्या दोहोंतलं कोणतं खरं ते मेव्हण्यांनीच सांगावं. मी लिहून देईन. आळशी म्हणून लिहू?”

मेव्हण्यांचा रापलेला भाग आणखी लाल होत गेला. त्यांनी कासवाकडे पाहिलं. मग मालकांकडे.

“ऐका की,” मालक हसत म्हणाले, “लिहून टाका. एकसष्ट पावलांत हा काय चोरी करणार? ह्याला चोरीसुद्धा कुणीतरी बसल्या जागी आणून द्यावी लागेल.”

“मी चालतो!” मेव्हणे गरजले. दोन लाकडी डोकी फळीवर डुगडुगली. “महिनाभर रोज चालतोय! सकाळी बागेत आमचा गट आहे, सगळ्यांत पुढे मी असतो! आजसुद्धा मीच गेलो गोदामात! मीच नेला तो विग! लिहा!”

“अभिनंदन,” आत्या म्हणाली.

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. “पण तू... कशाला?”

मेव्हण्यांचा सगळा जोर ओसरला. ते खुर्चीत बसले. “आज गटाचा फोटो होता. अकरा वाजता, बागेत. मी तिथे नेहमी टोपी घालून जातो. फोटोवाला म्हणाला टोप्या काढायच्या. तिथे कुणाला माहीत नाही की...” त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “तासाभरात परत ठेवणार होतो. पण येईपर्यंत तुम्ही आलात आणि आरडाओरडा सुरू झाला. मग धीरच झाला नाही. मावशी, तुमची पिशवी उलटी केली तेव्हा मी बोलायला हवं होतं. मान वर करायची लाज वाटत होती.”

“मला दिसलं होतं ते,” शिलाईमावशी म्हणाल्या. “मला वाटलं माझ्यासाठी वाईट वाटतंय.”

“वाटतच होतं.”

“पण तुला कसं कळलं, आत्या?” भाच्याने विचारलं. “डबीने तर काहीच सांगितलं नव्हतं.”

“म्हणून बाकीच्या गोष्टींना विचारलं. खुर्चीत बसणाऱ्याचा चेहरा रापत नाही, आणि रापला तर टोपी घालणाऱ्याचाच असा कपाळावर रेघ ओढून रापतो. न हलणाऱ्याचा पट्टा सैल होत नाही. टाचणीने सकाळभर पाहिला तो कोट. आणि एवढ्या तब्येतीचा माणूस तीन वाजेपर्यंत डब्याची कडी उघडत नाही, तेव्हा डब्यात जेवण नसतं.”

मेव्हण्यांनी कडी काढली. वरच्या पुडात केस होते. बाकीची पुडं रिकामी होती.

“जेवण?” मालकांनी क्षीण आवाजात विचारलं.

“फोटोनंतर गटात वाटलं,” मेव्हणे म्हणाले. “आपल्या ताईच्या हातचं सगळ्यांना फार आवडलं, भाऊजी.”

मालकांनी विग बाहेर काढला. एका बाजूला जाळी उसवून केसांचा अख्खा झुबका लोंबत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, विग पाहिला, आणि शेवटी, अगदीच दुसरं काही बघायचं उरलं नाही तेव्हा, शिलाईमावशींकडे पाहिलं.

“मावशी,” ते म्हणाले, “नाटक साडेसहाला आहे.”

“असेल.”

“हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

“हेही असेल.”

मालकांनी घसा खाकरला. मग मेव्हणा, टाचणी, आत्या, भाचा आणि भिंतभर डोकी यांच्या देखत ते म्हणाले, “माझं चुकलं. तुम्हाला चोर म्हणालो, ते चुकलं. पिशवीला हात लावला, तेही.”

शिलाईमावशींनी जरा विचार केला. त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी खांद्यावरची सुई काढली आणि विग मांडीवर घेतला.

“पाच वाजेपर्यंत होईल,” त्या म्हणाल्या. “उद्या मी येणार नाही, उद्या सुट्टी. परवा येईन. आणि आत्ता मला चहा हवाय. कोपऱ्यावरचा नको, पुढच्या चौकातला. माणसं सहा आहेत, सहा आणा.”

“मी जातो!” मेव्हणे उत्साहाने उठले.

“तुम्ही बसा,” शिलाईमावशी म्हणाल्या. “तुम्ही खूप चाललात.”

मेव्हणे बसले. गेल्या महिन्यात त्यांना कुणी इतकं छान काही म्हटलं नव्हतं. आणि मालक, चौकाच्या दिशेने, मुकाट्याने निघाले.