धक्क्यावरचा कॅमेरा

क्रांतीताई त्या दुपारी सीवूड्सहून निघाल्या, त्या एक साधी वायर घेऊन. खारबेटच्या टीव्ही केंद्रातली जुनी वायर खाऱ्या हवेनं खाल्ली होती. ती बदलायची, एवढंच काम.

खारबेट म्हणजे द्रोणागिरीसमोरचं मूठभर घरांचं बेट. पलीकडे गोदामांवर दिवे झगमगतात, पण इकडे केबल टाकायला कुणी तयार नव्हतं. 'एवढ्याशा घरांत काय मिळणार?' हे उत्तर ऐकून क्रांतीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या उत्तरांशी भांडण्यातच त्यांची सारी बातमीदारी गेलेली. त्यांनी मिठागराच्या जुन्या चौकीत स्वतःच केंद्र काढलं. पहिली वर्षं दाखवायला कार्यक्रमच नव्हते. म्हणून केंद्र सांभाळणाऱ्या साताऱ्याकडच्या भैरूनं कॅमेरा खिडकीत लावला, आणि घराघरांत दिवसभर नुसता होड्यांचा धक्का दिसू लागला. बायकांना तोच आवडला, म्हणून तो अजूनही चालू होता. आपली होडी वळणावर दिसली, की त्या भात चढवायच्या.

यंदा बेटावरच्या वेणूबाईचा मुलगा रणजीत होडीसकट गेला. मोठ्या जहाजानं धडक दिली, असं बेट म्हणतं. बंदराचे साहेब लोक म्हणाले, अशी होडी निघालीच नव्हती. क्रांतीताईंनी त्यांना केंद्रावरून रोज झोडपलं. ना उत्तर आलं, ना प्रेत.

वायर जोडून झाली, तेव्हा वेणूबाई दारात उभी होती.

"बाय, माजा रनजीत येतो. ओहोटीला. टीवीवर."

"वेणूबाई, अहो…"

"धक्क्यावर गेले तर दिसत नाय. घरी बसले तर हात लागत नाय. तो हात वर करून उभा रातो… कुनी वर घेत नाय, मंग परत जातो. तू हितं बस. फोनवर सांग, कुटं हाय तो. मी घेते त्याला वर."

क्रांतीताईंनी भैरूकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"मलाबी दिसतोय, ताई. तुमी हसाल म्हणून बोललो न्हाई."

"मग रेकॉर्ड का नाही केलंस?"

"केलं की. त्यात नुसता धक्काच येतोय."

दिवस कलला. वेणूबाई फोन कानाला लावून धक्क्यावर गेली, क्रांतीताई पडद्यासमोर बसल्या. ओहोटीच्या चिखलाचा वास खोलीभर पसरला, आणि पडद्यावरचं पाणी दुधासारखं पांढुरकं होत गेलं. त्या पांढुरकेपणातून एक होडी वळणावर आली. तिच्या भोवती लाट उठत नव्हती. रणजीत उभा होता. क्रांतीताईंनी फोन तोंडाशी धरला.

"डावीकडे, वेणूबाई… अजून थोडं… आता वाका. हात खाली…"

पडद्यावर दोन हात भेटले. पण रणजीत वर आला नाही. वेणूबाईच, घराची पायरी उतरावी तशी, अलगद होडीत उतरली.

"मागे व्हा!" क्रांतीताई फोनवर ओरडल्या.

त्या खिडकीशी धावल्या. धक्क्यावर वेणूबाई होती. एकटी, कोरडी ठणठणीत, वाकून हात पुढे केलेली. समोरचं पाणी रिकामं. आणि मागे पडद्यावर ती होडी दोघांना घेऊन वळणाआड चालली होती.

त्या धावतच खाली गेल्या. वेणूबाईला धरून बसवलं, तिचा हात घट्ट दाबला. लुगड्याला धुराचा, सुक्या मासळीचा नेहमीचा वास होता. ही तर इथंच आहे! त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वरून भैरूचा फोन आला. "ताई… असं हवेत हात धरून काय बसलाय?"

"डोळे फुटले का रे तुझे? वेणूबाई आहेत शेजारी."

"न्हाई, ताई…" तो पुटपुटला. "टीव्हीत तुमी एकट्याच हायसा."

क्रांतीताईंनी फोन बंद केला. वेणूबाई पाण्याकडे बघत होती. मग तिनं हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाय, जरा वर जाऊन बघ ना टीवीत… आमी पोचलो काय?"