सॅडलर कड्यावरचा दोर

सॅडलर कड्यावर लोंबणारा तो दोर तुटला होता की नाही, हे व्हर्न टिलयार्डला मरण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तेवढ्यासाठी चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो टास्मानियाच्या नैर्ऋत्येकडच्या रानात आठवडाभराची पायपीट करायला निघाला होता.

दोर त्यानेच विकला होता. सैन्याने मोडीत काढलेल्या मालाचं त्याचं दुकान होबार्टमध्ये चाळीस वर्षं चाललं. १९६८ साली लिंडसे फीबी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तिथून अमेरिकी सैन्याचा हिरवट नायलॉनचा दोर नेला आणि पंधरवड्याच्या आत सॅडलर कड्याखाली त्याचा मृतदेह सापडला. हवा बिघडत होती, शोधपथकाने घाईघाईत मृतदेह तेवढा उचलून आणला. दोर वरच राहिला. अठ्ठावीस वर्षं! आणि या उन्हाळ्यात कुणा गिर्यारोहकाने येऊन सांगितलं, की घळीच्या तोंडाशी खडकाला बांधलेला एक जुना दोर अजून लोंबतोय. खालचं टोक मात्र कपारीआड गेलंय.

ते टोक चिंध्या होऊन तुटलेलं असलं, तर माल कुजका होता. शाबूत असलं, तर लिंडसेचाच हात सुटला होता.

व्हर्नबरोबर दोघं होती. त्याचा पुतण्या डॅरेल याच रानातल्या पायवाटा दुरुस्त करण्याची नोकरी करायचा. आणि दुसरी जॉयस, लिंडसेची धाकटी बहीण. म्हाताऱ्याने तिला भीतभीत पत्र टाकलं होतं. ते मिळालं त्याच दिवशी तिने येते म्हणून फोन केला. त्या दोराशी तिचंही काही देणंघेणं होतं, आणि ते तिने आजवर कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिले दोन दिवस चिखलाने खाल्ले. गवताच्या गड्ड्यांवरून पाय घसरला की माणूस मांडीपर्यंत आत! जळवा मोज्यांतून शिरत होत्या. व्हर्नच्या पाठीवर कॅनव्हासची जुनी लष्करी सॅक, अंगात लोकरीची जाडजूड खाकी विजार. डॅरेलने त्याची थट्टा केली, "काका, लढाई संपली. कुणीतरी कळवायला हवं होतं तुम्हाला." व्हर्न म्हणाला, "तुझी ती चकचकीत विजार भिजली की मग बोलू आपण."

संध्याकाळी स्टोव्हपाशी बसल्यावर दुकानाचा विषय निघाला. आता तिथे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळत होत्या. जॉयसला मात्र दाराशीच नाकात शिरणारा तो वास जसाच्या तसा आठवत होता: ताडपत्री, डांबरगोळ्या आणि बंदुकीचं वंगण. शनिवारी सकाळी ती आणि लिंडसे तिथे तासन्‌तास हरवून जात. छातीइतके उंच ओव्हरकोटांचे ढीग, पिंपभर बकलं, गॅसचे मुखवटे, पोचे पडलेले जेवणाचे डबे. पॅराशूटच्या रेशमाचा त्यांच्या आईने पडदा शिवला होता. लिंडसे कोटांच्या कॉलरी उलटून आत शाईने लिहिलेली नावं मोठ्याने वाचायचा. एका खिशात त्याला कैरोतल्या सिनेमाचं फाटकं तिकीट मिळालं होतं. नवा कोरा माल विकणाऱ्या दुकानात असलं काही कधी सापडलं नाही, असं ती म्हणाली. व्हर्नने नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. पाणी मांडीपर्यंत, पण ओढ भलती! मध्यावर व्हर्नचा पाय निसटला. डॅरेलने सॅकचा पट्टा पकडला. पट्ट्याची शिवण करकरली, पण टिकली. तिघं पैलतीरावर पोचली आणि तशीच दगडांवर आडवी झाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती तिघं कड्यावर उभी होती. खाली घळ, धुक्याने भरलेली. आणि खडकाच्या एका सुळक्याला तीन वेढे घालून बांधलेला तो दोर! उन्हापावसाने पांढरट पडलेला. गाठ लिंडसेची होती. शेवटी एक जादा अढी मारायची त्याची सवय जॉयसने लगेच ओळखली. तिने गाठीवर तळहात ठेवला.

वजनाने ती हलकी, म्हणून उतरायचं तिनेच ठरवलं. डॅरेलने त्यांचा नवा दोर खडकाला पक्का करून हातात धरला आणि ती कड्याच्या कडेवरून मागे झुकली. दहा मीटर. पंधरा. शेजारी भावाचा दोर, हाताच्या अंतरावर. वीस मीटरवर कपार आली. तिच्या पलीकडे, आणखी पाचेक मीटर खाली, टोक असणार.

तेवढ्यात वारा फिरला. दक्षिणेचा वारा, थेट ध्रुवाकडच्या बर्फावरून आलेला! आधी गारा, मग भुरभुर हिम. बोटं बधिर झाली. खडक पांढरा झाला. वरून डॅरेलचा आवाज आला.

"जॉयस! काकांचं बोलणं जडावलंय. कुडकुडायचेही थांबलेत!"

कुडकुडणं थांबलं म्हणजे थंडीने जीव जायची वेळ आली, हे तिला ठाऊक होतं. तिने खाली पाहिलं. पाच मीटर. दोन मिनिटांचं काम. पण तेवढाच वेळ डॅरेल दोर सोडून म्हाताऱ्यापाशी जाऊ शकत नव्हता.

"वर घे!" ती ओरडली.

त्यांनी व्हर्नला आदल्या रात्री खिंडीत ठोकलेल्या तंबूत ओढत आणलं. दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून झोपली. डॅरेलची चकचकीत विजार ओलीगार होऊन अंगाला चिकटली होती. म्हाताऱ्याची लोकर ओली असूनही ऊब धरून होती. दुपार सरली. संध्याकाळी व्हर्न पुन्हा कुडकुडायला लागला, तेव्हा डॅरेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोड चहा पोटात गेल्यावर व्हर्नने विचारलं, "पाहिलंस?"

"नाही. तिथवर पोचले नाही." जॉयसने स्टोव्ह बारीक केला. "मिस्टर टिलयार्ड, तो दोर लिंडसेने निवडला नव्हता. त्याला गिर्यारोहणाच्या दुकानातला नवा हवा होता. पैसे आईने माझ्या हातात दिले होते. मी म्हटलं, सैन्याचा काय वाईट आहे? उरलेल्यात मला तुमच्याकडचा नौदलाचा कोट घ्यायचा होता."

तंबूवर हिम सरसरत होतं.

"निळा," व्हर्न म्हणाला. "बाह्या लांब होत होत्या. मीच दुमडून टाचून दिल्या." त्याने चहाचा मग खाली ठेवला. "पेटीच्या पेटी लिलावात घेतली होती मी. एक वेटोळंसुद्धा उलगडून पाहिलं नाही. गिऱ्हाइकाला मात्र छातीठोकपणे सांगायचो, एकदम मजबूत. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, जॉयस. तू सोळा वर्षांची पोर होतीस."

हे वाक्य तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कोण म्हणणार? तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. ती तोंड फिरवून रडली. व्हर्नने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. डॅरेल कड्यावर जाऊन आला. खडकावर बर्फाचा पातळ थर होता, पण दहापर्यंत ऊन तिथे पोचलं असतं. मग अर्ध्या तासाचं काम, या वेळी मी उतरतो, असं तो म्हणाला. फक्त बर्फ वितळलं की नदी चढणार. दुपारनंतर ती ओलांडता येईल याची खात्री नाही.

व्हर्नने जॉयसकडे पाहिलं. "तू सांगशील तसं. मी थांबेन."

त्याचे ओठ अजून निळसर होते.

"नाही," ती म्हणाली. "टोक तुटकं निघालं तर आपल्या दोघांना ते घेऊन उरलेली वर्षं काढावी लागतील, शाबूत निघालं तर सगळा दोष लिंडसेच्या माथी जाईल. राहू दे ते तिथेच."

व्हर्नने डोळे मिटले, मग उघडले. "चला तर."

त्यांनी तंबू गुंडाळला. नदीवर पोचली तेव्हा पाणी कमरेला लागत होतं आणि चढतच होतं. तिघांनी एकमेकांचे पट्टे घट्ट धरले. म्हातारा मध्ये. एक पाऊल. थांब. आणखी एक. एक ओंडका हातभर अंतरावरून सणसणत गेला! मग पायाखाली वाळू लागली.

पैलतीरावर व्हर्न दगडावर बसून बुटांतलं पाणी ओतता ओतता लिंडसेबद्दल सांगू लागला. तो दुकानातले सगळे बूट घालून बघायचा आणि एकही घ्यायचा नाही. शिरस्त्राण डोक्यावर उलटं घालून गिऱ्हाइकांना सलाम ठोकायचा. एकदा आईच्या वाढदिवसाला चहाची किटली हवी म्हणून त्याने दोन शनिवार दुकान झाडून दिलं होतं. किटली अशी आली, हे जॉयसला माहीत नव्हतं. ती आईने मरेपर्यंत वापरली होती.

गाडीरस्ता लागेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. व्हर्नला चालताना धाप लागत होती, तरी तो बोलतच राहिला, आणि जॉयसने त्याला एकदाही थांबवलं नाही.