काटा हलतोय, पुन्हा मोजू?

ईट गावातल्या आमच्या खवा केंद्रासमोर एसटी आली की वजनकाटा थरथरायचा, आणि काटा थरथरला की वजनं नोंदवणारा माझा अख्खा प्रोग्राम बंद पडायचा. दोष माझा नव्हता. काट्यावरचा आकडा वाचणारी लायब्ररी, म्हणजे मी जोडून घेतलेला तयार कोड, भलत्याच कुणीतरी लिहिली होती.

"ज्यानं हे लिहिलंय ना," रांगेतल्या कोंडाबाईंना मी वैतागून म्हणाले, "त्याला इथं रांगेत उभं करायला पाहिजे!"

"उभाच आहे की..." नुकताच एसटीतून उतरून खवा घ्यायला आलेला एक मुलगा पडद्यावरचा एरर वाचत म्हणाला. "मी विरेश, धाराशिवचा. मीच लिहिलीय ती."

माझे कान तापले, पण माघार कोण घेतंय!

"मग ऐका. तुमच्या कोडचं आतलंच गणित चुकलं, तर खुशाल थांबा. चुकीचं वजन नको. पण काटा हलला, ही बाहेरची गोष्ट. ती मला कळवा, पुढचं मी ठरवीन. परस्पर बंद कशाला करता?"

तो चष्मा पुसत हसला. पुढच्या रविवारी नवा कोड घेऊन आला. आता काटा हलला की पडद्यावर यायचं – 'काटा हलतोय. पुन्हा मोजू?' मग तो दर रविवारीच यायला लागला. एवढा खवा खातं कोण, हे मी कधी विचारलं नाही. गरम खव्याचा वास आला की अजून मला ते रविवार आठवतात.

एका रविवारी मात्र त्यानं खवा मागितलाच नाही.

"प्रीती... इथंच थांबवू हे. आम्ही लिंगायत, तुम्ही बौद्ध. आई ऐकायची न्हाय. तुला काही बोलली तर..."

मला तो हवा होता, बस्स.

"तुझ्या मनात काही बिघडलंय?"

"न्हाय गं! मनात तर... तूच आहेस."

"मग अडचण बाहेरची आहे. ती मला कळवलीस, झालं. पुढचं मलाही ठरवू दे की! परस्पर बंद कशाला करतोस?"

तेवढ्यात परतीची एसटी आली. काटा थरथरला, पडद्यावर त्याचंच वाक्य उमटलं. त्यानं ते वाचलं... माझ्याकडं बघितलं. एसटी निघून गेली, तो तिथंच उभा.

त्याच्या आईनं, उमादेवींनी, पहिल्या भेटीत मला पाणीही विचारलं नाही. बाहेर आल्यावर विरेश हळूच म्हणाला, "पुन्हा मोजू?"

"मोजू की!"

पुष्कळ खेपा झाल्या. माझ्याकडचा खवा त्यांना चालायचा नाही, म्हणून तो पाठवायचा मी बंद केला होता. मग एकदा त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"रविवारचा तो खवा तुझ्याकडनंच यायचा व्हय?"

"हो..."

"मग बंद कशाला केलास, पोरी?"