दोन बोटं

निघण्याआधी शिंप्याने एक काम केलं. सायकलच्या सीटची दांडी जिथे नळीत शिरते, अगदी त्या काठावर लाल दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली.

"दाजी, सायकलला बटण लावताय का?" बेकरीवाल्या मेहुण्याने विचारलं.

"कुणी सीट हलवली तर कळेल. तुझा भरवसा नाही."

तळ्यापर्यंत जायचं, तंबू ठोकायचा, सकाळी परतायचं. दरवर्षी तिघं जायचे. यंदा दोघंच होते. तिसरा, त्यांचा दोस्त घड्याळजी, हिवाळ्यात वारला. तंबू मात्र तिघांचाच घेतला होता.

शिंप्याचा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता. "सीट दोन बोटं वर घे," हे घड्याळजीचं पालुपद. पण मग थांबताना पाय टेकत नसत आणि शिंपी चारचौघांत आडवा होई. शेवटच्या भेटीत तो वैतागून म्हणाला होता, "सीट माझी आहे. तू हात लावायचा नाही." घड्याळजी मुकाट्याने घरी गेला, आणि आठ दिवसांनी कायमचाच. समजूत काढायची राहिली. म्हणून यंदा गुडघा राहो की जावो, तळं गाठायचंच होतं.

नाश्त्याला थांबताना शिंपी आडवा झाला.

उठून पाहतो तर दोरा नळीपासून बोटभर वर.

"काय रे, हा चावटपणा?"

"आईशप्पत, मी नाही! मी तर सारखा तुमच्या पुढे होतो."

ते खरंच होतं. शिवाय त्या बोल्टचं डोकं इतकं झिजलं होतं, की घड्याळजीने कानशीने घासून केलेला एकच पाना त्यावर बसायचा. तो पाना शिंप्याने अंत्ययात्रेच्या दिवशी आपल्या हाताने घड्याळजीच्या खिशात ठेवला होता.

सीट ढिली आहे का पाहायला मैद्याच्या पोत्याएवढा मेहुणा तिच्यावर धपकन बसला. सीट तसूभरही खाली गेली नाही.

दुपारी रस्ता दाट झाडीत शिरला. वारा पडलेला. पान हलत नव्हतं. चाकांची सळसळ तेवढी ऐकू येत होती, आणि मध्येच मागून बारीकसा कर्र... कर्र... मग वास आला. घड्याळाच्या तेलाचा.

"दाजी... मागे कोण आहे?"

"कोणी नाही. पुढे बघ."

"वळून बघितलंत?"

"नाही."

चढ लागला. दरवर्षी इथे शिंपी उतरून सायकल ढकलायचा. आज गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. माथ्यावर पोचला तेव्हा शिंप्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

ऊन उतरताना तळ्याकाठी तंबू उभा राहिला. शिंप्याने खिशातून टेप काढून दोऱ्यापासून नळीपर्यंत लावली.

"दीड इंच."

"म्हणजे दोन बोटं," मेहुणा पुटपुटला.

"माझी सव्वा भरतात." शिंप्याने टेप हळू गुंडाळली. "त्याचे हातमोजे मीच शिवले होते. त्याची दीड भरायची. एवढ्या जाड बोटांनी घड्याळं कशी उघडायचा, कोण जाणे."

मेहुण्याने हातातला पाव खाली ठेवला. हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

शिंप्याने सीटवर तळवा ठेवला. चामडं कोमट होतं, उन्हामुळे असेल.

"तुझंच बरोबर होतं," तो हलकेच म्हणाला. "गुडघा नाही दुखला. बोललो ते... सोडून दे. लाव हात, हवा तेवढा."

बराच वेळ काही झालं नाही. तळ्याचं पाणी काळवंडत गेलं. शिंप्याला मोकळं वाटलं, आणि थोडं रिकामंही.

कर्र...

आवाज पलीकडच्या झाडाखालून आला. तिथे मेहुण्याची गेल्याच आठवड्यात घेतलेली कोरी सायकल टेकवलेली होती.

"दाजी..." मेहुण्याने त्याचा दंड घट्ट धरला. "तुम्ही फक्त तुमच्याच सीटचं म्हणालात ना?"

दोघांच्या डोळ्यांदेखत ती सीट बोटभर खाली आली. थबकली. आणि जरा विचार करून अर्धं बोट पुन्हा वर गेली.